डिस्क वाकली नव्हती

पुण्याहून चिपळूणला आई-बाबांकडे महिन्यातून एकदा तरी माझी फेरी होते. उंब्रजला महामार्ग सोडायचा, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. घाट उतरून पोफळी-शिरगावच्या सपाट रस्त्याला लागलं की घर आल्यासारखंच वाटतं. २०२२च्या मे महिन्यात याच सपाट रस्त्यावर एक म्हैस आडवी आली. सत्तरच्या वेगात होते, ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरायला लागलं. पायाखाली पेडलही धडधडत होतं. गाडी वेळेत थांबली, म्हैस निघून गेली, पण माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत स्थिर झाले नाहीत.

आधी वाटलं एबीएस असेल, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. पण एबीएसचा पेडलमधला धक्का करकचून ब्रेक मारल्यावर, चाक घसरायला लागलं तरच येतो. इथे हलका ब्रेक लावला तरी थरथर होती, आणि गाडीचा वेग जसा कमी होईल तसा तिचा ठेकाही मंद होत होता. म्हणजे ती चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली होती. ब्रेक सोडला की सगळं शांत. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असतं तर ब्रेक न लावताही स्टिअरिंग हललं असतं.

पुण्यात परतल्यावर एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. एक चक्कर मारून आलेल्या मेकॅनिकने सांगितलं, “डिस्क बेंड झाल्यात मॅडम, दोन्ही बदलाव्या लागतील.” डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. पुढच्या दोन डिस्क, पॅडचा सेट आणि मजुरी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास बिल झालं. पाऊण तासात गाडी हातात. जुनी डिस्क उतरली, नवी चढली, हवेच्या गनने नट टर्र करून बसले. थरथर पूर्ण गेली होती, त्यामुळे मला वेगळं काही विचारायचं सुचलंही नाही.

दिवाळीच्या सुमारास, साधारण सात हजार किलोमीटर झाल्यावर, ती परत आली. आधी अगदी बारीक, ऐंशीवरून ब्रेक लावला तरच जाणवेल अशी. नंतर साठलाही. त्याच वर्कशॉपचं उत्तर: “घाटात चालवता ना, मग डिस्क बेंड होणारच.” हे मला पटेना. त्याच घाटातून रोज हजारो गाड्या जातात. सहा महिन्यांत प्रत्येकाची डिस्क वाकत असती तर चिपळूणमध्ये फक्त डिस्कची दुकानं दिसली असती.

माझ्या एका सहकारी बाईंच्या यजमानांची भोसरीला छोटी लेथची शेड आहे. तिथे चाळीस वर्षं टर्नरचं काम केलेले एक काका आहेत. मी गाडी घेऊन गेले आणि म्हटलं, “काका, डिस्क वाकल्यात म्हणतात, लेथवर सरळ होतील का?”

ते म्हणाले, “ताई, ही बीडाची असते. बीड वाकत नाही, तडकतं. आधी डायल लावून बघू.”

ब्रेकची डिस्क ओतीव लोखंडाची असते हे मला माहीत होतं, मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. पण ‘वाकली’ हा शब्द ऐकल्यावर डोळ्यांपुढे तव्यासारखी वेडीवाकडी झालेली तबकडी आली होती, आणि त्या चित्रावर मी सहा महिने विश्वास ठेवला होता.

चाक काढतानाच पहिली गोष्ट कळली. नट सुटेनात. पान्याला पाइप घालून काकांनी आणि शेडमधल्या मुलाने मिळून जोर लावला तेव्हा कुठे कुरकुरत सुटले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत या नटांना ८५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सांगितलाय. गनने तो किती दिला गेला होता कोण जाणे, आणि चारही नटांना सारखा तर नक्कीच नव्हता. डिस्क ही चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, यांच्यामध्ये चिमटलेली असते. एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी आवळलं की ती तिरकी ताणली जाते, आणि गरम-थंड होताना तो ताण तिच्यात काम करत राहतो.

काकांनी डिस्कवर वॉशर घालून नट परत सारखे आवळले, म्हणजे ती हबवर घट्ट बसली. चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं उपकरण, लावला, टोक डिस्कच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा हलला, परत आला, परत हलला. डावीकडे ०.११ मिलिमीटर. उजवीकडे ०.०५. बऱ्याच गाड्यांना ०.०५पर्यंतच चालतं. शेडच्या भाषेत काका म्हणाले, “डावी आऊट फिरतेय,” म्हणजे डुलत फिरतेय.

मग मायक्रोमीटर. डिस्कवर खडूने आठ खुणा केल्या आणि प्रत्येक ठिकाणी जाडी मोजली. नवी डिस्क १७ मिलिमीटरची. डावीची जाडी १६.८६पासून १६.८९पर्यंत बदलत होती. तीन शतांश मिलिमीटरचा फरक, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. स्टिअरिंग हादरवायला एवढा पुरतो. ब्रेक दाबलेला असताना जाड भाग पॅडखाली आला की पॅड ढकलले जातात, पातळ भाग आला की पकड सैल होते. चाकाच्या प्रत्येक फेरीत हा झटका एकदा बसतो, आणि आपण त्याला डिस्क वाकली म्हणतो.

पण नव्या डिस्कची जाडी सहा महिन्यांत अशी असमान झाली कशी? याचं उत्तर काकांनी डिस्क उतरवून दाखवलं. हबच्या तोंडावर, जिथे डिस्क टेकते, तिथे गंजाचे पापुद्रे होते. नखाएवढा एक पापुद्रा नव्या डिस्कच्या मागे दबून सपाट झाला होता. जुनी डिस्क काढून नवी चढवताना तिथे कुणी तारेचा ब्रश फिरवला नव्हता. हबपाशी असलेला फरक डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होतो, कारण कडेची त्रिज्या मोठी. म्हणून माझी कोरी डिस्क पहिल्या दिवसापासूनच किंचित डुलत फिरत होती.

तेव्हा थरथर का आली नाही? कारण डुलणारी डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर तरंगतं कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग, तिच्याबरोबर सरकून घेतं. घोटाळा होतो तो ब्रेक लावलेला नसताना. डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला ओझरता घासतो. माझ्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर, म्हणजे किलोमीटरला साडेपाचशे फेऱ्या. सात हजार किलोमीटरमध्ये तीच एक जागा अडतीस लाखांहून जास्त वेळा पॅडला चाटून गेली. ती तिथे झिजली, आणि थरथर सुरू झाली. मी वहीत हा गुणाकार केला तेव्हा सात हजारांनंतरच ती का परत आली हे एकदम उलगडलं. डिस्क बदलून घेतली त्याच दिवशी पुढच्या बिघाडाची सुरुवात झाली होती.

डाव्या कॅलिपरची खालची पिनही अडकलेली निघाली. या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतं. ग्रीस वाळून काळं, चिकट झालं होतं. आतला पॅड ४ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. पिन अडकली की ब्रेक सोडल्यावरही पॅड पूर्ण सुटत नाही, डिस्क तापत राहते आणि एका बाजूला जास्त झिजते. दोन्ही पॅड सारखे झिजलेत का, एवढं चाक काढल्यावर बघितलं तरी हे कळतं. त्या दिवसापासून चाक उतरलं की मी वाकून ते बघते.

पुढचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं होतं आणि सगळ्यात स्वस्त. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचं तोंड, बोल्टांच्या मुळाशी असलेला कोपरा आणि डिस्कची आतली बाजू धातू चमकेपर्यंत घासली. कोपऱ्यातला गंज सहज राहून जातो, तिथे काकांनी बारीक छिन्नी वापरली. डिस्क परत चढवून डायल लावला: ०.०७. अजून जास्तच. मग त्यांनी डिस्क काढली, चार बोल्टांमधून एक बोल्ट पुढे फिरवून बसवली आणि परत मोजलं. ०.०३. हबची थोडी चूक आणि डिस्कची थोडी चूक एकाच दिशेला होती, ती आता एकमेकींना मारून गेली. इतकी साधी युक्ती मी कुठेच ऐकली नव्हती. त्या स्थितीत हब आणि डिस्क दोन्हीवर रंगाचा ठिपका लावला, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागी बसेल.

जाडीतला फरक मात्र लेथशिवाय जाणार नव्हता. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, माझीवर १५ मिलिमीटर. तेव्हा अवकाश भरपूर होता. दोन्ही डिस्कचे दोन्ही चेहरे अगदी हलका कट घेऊन साफ केले, जाडी १६.८० आली. लेथवर चढवतानाही काका डायल लावत होते, कारण डिस्क तिरकी धरली तर लेथ तिरकंच कापणार. शेवटी पॉलिश पेपर गोल गोल फिरवून लेथच्या रेषा मोडल्या आणि डिस्क साबणाच्या पाण्याने धुतल्या. बीडाची बारीक पूड पॅडमध्ये घुसू नये म्हणून. नवी डिस्क असेल तर तिच्यावर गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल असतं, तेही असंच पूर्ण काढावं लागतं.

प्रत्येक डिस्क अशी वाचत नाही, हेही त्यांनी सांगितलं. डिस्क फार तापली, साडेसहाशे अंशांच्या वगैरे पुढे गेली, तर बीडाच्या पोटात कडक गाठी तयार होतात. त्या निळसर डागांसारख्या दिसतात. लेथवर वरचा थर गेला तरी गाठ खाली राहते, आजूबाजूचा मऊ भाग आधी झिजतो आणि थरथर परत येते. अशी डिस्क बदलायचीच. तडा दिसला तरी बदलायचीच.

पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठी मिळतं ते सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबराची टोपणं फुगतात आणि पिन आणखी अडकते. नट काकांनी गनला हात न लावता टॉर्क पान्याने आवळले. चाक हवेत असताना समोरासमोरचे, निम्म्या ताकदीने. जॅक उतरवल्यावर ८५वर, टिक आवाज येईपर्यंत. पुढच्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासले. टॉर्क पाना मी नंतर स्वतःचा घेतला. पंक्चर काढताना गनने नट आवळले गेले की घरी येऊन सैल करते आणि पुन्हा नीट आवळते. पंक्चरवाल्या दादांना आता आधीच सांगते, “हाताने लावा, बाकी मी बघते,” आणि त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही.

नवे पॅड घातले होते म्हणून ते डिस्कवर बसवायचं काम उरलं होतं. पहाटे साडेपाचला रिकाम्या रस्त्यावर गेले. साठपर्यंत वेग, मग मध्यम जोराने ब्रेक, दहा-पंधरापर्यंत खाली, पूर्ण न थांबता परत वेग. असं दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट सोडून. पाचव्या-सहाव्या वेळेला जळका वास आला, तो नव्या पॅडचा असतो. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो पाय न लावता गाडी चालवली. यात पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. तो असमान बसला तर जाडी न बदलताही थरथर येते, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की तो हमखास असमान बसतो: पॅडचा शिक्का एकाच जागी उमटतो.

हे वाचून कुणाला वाटेल की माझ्या चालवण्यात काही दोष नव्हताच. होता, आणि तो बाबांनी दाखवला.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्य चिपळूण-कराड रस्त्यावर गेलं. डिसेंबरमध्ये त्यांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला आणलं होतं, परत सोडायला निघाले. घाट उतरताना मी नेहमीसारखी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच उतरत होते. दोन वळणं ते गप्प होते. मग म्हणाले, “वर चढताना कुठला गिअर घालतेस?”

“दुसरा.”

“मग खाली उतरताना पण तोच घाल की बाय. इंजिनाला धरू दे गाडी.”

रात्री वहीत हिशेब मांडला. माणसं-सामानासकट गाडी १,२०० किलो, घाटाची उतरण ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. २५ अंशांचं बावीस लिटर पाणी त्यात उकळीला येईल. पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलो धरल्या आणि सगळी उष्णता त्यांच्यातच कोंडली असं मानलं, तर तापमान दीड हजार अंशांनी वाढेल. बीड त्याच्या आधीच, बाराशेच्या अलीकडे वितळतं. प्रत्यक्षात हवा ती उष्णता सतत वाहून नेते म्हणून तसं होत नाही. पण एवढं सगळं मी त्या दोन तबकड्यांवर टाकत होते, हे आकड्यात बघितल्यावर पाठीतून शिरशिरी गेली. हाच हिशेब नंतर वर्गात फळ्यावर घातला. मुलं त्या दिवशी तास संपल्यावरही उठली नाहीत.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. कोविडमध्ये कपाळावर धरायचे त्यातला नाही, त्याचा पल्ला तापापुरताच असतो. कारखान्यात वापरतात तो. दोन वेगवेगळ्या फेऱ्यांना घाटाच्या पायथ्याशी बाजूला थांबून मोजलं. जुन्या सवयीने तिसऱ्यात उतरले तेव्हा डावी डिस्क २५५, उजवी २४८ अंश. दुसऱ्यात, वळणाच्या आधी तेवढा ब्रेक मारून सोडत उतरले तेव्हा १३०च्या आत. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान कमी दाखवतं, म्हणून मी आकड्यापेक्षा फरक बघते: दोन फेऱ्यांमधला आणि डाव्या-उजव्यामधला. एक बाजू पन्नास-साठ अंशांनी जास्त दिसली तर तिथली पिन अडकत चालली आहे असं समजून चाक उघडते. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारी माणसं अजून दिसतात. पेट्रोल वाचवायला म्हणून. गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरलं तर आजच्या इंजिनात पेट्रोल जवळपास जातच नाही, त्यामुळे वाचत काहीच नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ते बघून मला खरोखर भीती वाटते.

घाट उतरल्यावर चहाला थांबायची सवय मी थोडी पुढे ढकलली. आधी दोन-तीन किलोमीटर सपाटीला ब्रेक न लावता चालवते, मग थांबते. थांबल्यावर गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर. माझ्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकवर लागतो, पुढच्या डिस्क मोकळ्या राहतात. पावसाळ्यात गाडी चिखलाने भरली तरी पोचल्या पोचल्या प्रेशरचं पाणी मारत नाही, तासभर जाऊ देते. रस्त्यावरच्या पाण्याचे शिंतोडे डिस्कला सोसतात, पण घाटातून आलेल्या तापलेल्या डिस्कवर एका बाजूने थंड पाण्याचा फवारा हे वेगळं प्रकरण आहे.

कोकणातला पाऊस हा स्वतंत्र विषय आहे. जुलैत आठवडाभर गाडी अंगणात उभी राहिली की डिस्क तांबूस होते आणि पॅडखालचा भाग वेगळा दिसतो. आठवड्याचा गंज पहिल्या किलोमीटरमध्ये हलक्या ब्रेकने निघून जातो. महिनाभर तशीच राहिली तर पॅडच्या कडेने खड्डे पडतात, ते लेथशिवाय जात नाहीत. मी नसते तेव्हा आमचा शेजारचा मुलगा चार दिवसांनी गाडी गल्लीत फिरवून आणतो. उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, पहिला गिअर आणि चाकाला दगड, नाहीतर मागच्या ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पॅडसारखे भाग) ड्रमला धरून बसतात. ब्रेक ऑइलही दमट हवेतून पाणी ओढतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की हा आकडा १५५पर्यंत उतरतो आणि घाटात पेडल मऊ पडू शकतं. डिस्कच्या थरथरीशी याचा संबंध नाही, पण डिस्कसाठी चाकं उघडलीच होती तेव्हा तेही बदललं, आणि आता दर दोन वर्षांनी बदलते.

काकांच्या कामाचे लेथसकट आणि ग्रीससकट चौदाशे रुपये झाले होते. पॅड वेगळे. त्यानंतर सोळा हजार किलोमीटर झाले आणि मी परत मायक्रोमीटर लावायला भोसरीला गेले. डावी १६.७१, आठ खुणांमधला फरक ०.००८. उजवी १६.७२. डायलचा काटा तीन शतांशांच्या पुढे गेला नाही. काकांनी चष्मा वर करून रंगाचा ठिपका जागेवर आहे का बघितलं, तारेचा ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हब तुम्ही घासा, मी तोवर पिना काढतो. पावसाच्या आधी ग्रीस व्हायला हवं.”